काटा वर, गाडी बंद: जिप्सीचं इंजिन टाकलेली पद्मिनी सारखी का तापायली होती

ज्यांनी जुन्या गाडीत नवीन इंजिन बसवलंय आणि ती गाडी चांगली चालता चालता "गरम होऊन बंद पडतीय" त्यांच्यासाठी हे लिहायलोय. माझे अकरा महिने गेले यात. दोन रेडिएटर, दोन थर्मोस्टॅट, एक वॉटर पंप, अ‍ॅक्सिलरेटरच्या तीन केबल, आणि दर वेळेला गाडी आठ-दहा दिवस एकदम झकास चालायची आणि परत तेच. शेवटी दोष जिथं निघाला तिथं कुणीच बघत नव्हतं, मी पण नाही. दुसऱ्या कुणाचे इतके दिवस जाऊ नयेत म्हणून आकड्यांसकट सगळं सांगतो.

आधी गाडी काय आहे ते. प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची, अण्णांनी सेकंड हँड घेतलेली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला त्या सकाळी अण्णा लातूरहून ह्याच गाडीत पाण्याचे कॅन आणि भाकरी घेऊन किल्लारीकडं गेले होते आणि येताना मागच्या सीटवर जखमी माणसं घेऊन आले. त्यामुळं ही गाडी विकायचा विषय आमच्या घरात निघत नाही. पण मूळ इंजिन, म्हणजे ते १०८९ सीसीचं कार्बोरेटरवालं, चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपासचं, ते दोनदा बोअर करून झालं होतं आणि तिसऱ्यांदा करायला ब्लॉकमधे जीव राहिला नव्हता. म्हणून मारुतीच्या जिप्सी किंगचं इंजिन टाकलं, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व, एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटर नाही, पेट्रोल इंजेक्टरनं फवारतं), ८० हॉर्सपॉवर.

जिप्सीचंच का, तर हे इंजिन उभं बसतं, मागच्या चाकाला ड्राइव्ह देता येतो, आणि जिप्सीचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) वेगवेगळे असतात, मधे एक छोटा शाफ्ट. म्हणजे ट्रान्सफर केस काढून टाकली की गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजला सरळ लांब प्रॉपेलर शाफ्ट जोडता येतो, गाडीच्या मजल्यातल्या शाफ्टच्या बोगद्यात फार कापाकापी नाही. एक तोटा आहे, स्पीडोमीटरची केबल त्या ट्रान्सफर केसवरून निघते, त्यामुळं ती गेली की स्पीडोमीटर मेला. मी जीपीएसवालं मीटर लावलंय. आणि दुप्पट ताकद टाकली की ब्रेक जुने ठेवून चालत नाही, पुढं डिस्क आणि बूस्टर आधी बसवला, मग इंजिन चालू केलं. ज्यांचं अजून ठरायचंय त्यांना एकच सांगणं, आधी आरटीओची लेखी परवानगी, मग गाडी उघडा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, इंजिन बदललं की ते आरसी बुकावर चढलं पाहिजे, नाहीतर उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सला कारणच मिळतं.

आता दुखणं. गाडी फेब्रुवारीत रस्त्यावर आली. सकाळी काही नाही. अर्धा तास चालली की टेंपरेचरचा काटा मधल्या खुणेवरून वर सरकायचा, कधी तिथंच थांबायचा, कधी लालच्या जवळ जायचा. गावात नुसता काटा वर, बाकी इंजिन गुळगुळीत. पण चढाला लागलं की मिसिंग मारायची, दोन-तीन झटके, पिकअप जायचा आणि बंद. सेल्फ मारला तर जोरात फिरायचा पण धरायची नाही. वीस मिनिटं बॉनेट उघडून ठेवलं की पहिल्या सेल्फला चालू, जसं काही झालंच नाही. एप्रिलमधे मांजरसुंब्याच्या घाटात दुपारी दोन वाजता अशी बंद पडली, आई आणि दोन्ही पोरं गाडीत, बाहेर ४२ डिग्री, झाड नाही, आणि मागून ट्रकवाले हॉर्न मारायलेत. त्या दिवशी आई म्हणाली "जुन्या जिवात नवीन काळीज घालू नये रे बाबा." मला ते लई लागलं.

अशा वेळेला माणूस काय समजणार? काटा वर गेला, मग गाडी बंद पडली, थंड झाली की चालू होतीय. म्हणजे गरम होऊन बंद पडतीय. मी तेच समजलो, आमचे चाचा, ज्यांनी नांदेड रोडला आयुष्यभर फियाट आणि अँबॅसिडर केल्यात, ते पण तेच समजले, आणि ज्याला ज्याला विचारलं त्यानं तेच सांगितलं. चूक सगळी इथं आहे. काटा वर जाणं आणि गाडी बंद पडणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, एकीमुळं दुसरी होत नव्हती, दोन्ही तिसऱ्याच कारणानं होत होत्या. पण त्या एका वेळेला व्हायच्या म्हणून आम्ही त्यांना माळेसारखं एकात एक ओवलं.

मग सुरू झाली पार्टांची फेरी. पहिला रेडिएटर खोलला तर आत पांढरा थर निघाला, चुन्यासारखा, नखानं खरवडला तर पापुद्रा निघायचा. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे सगळ्यांना माहीत आहे, पातेल्यात उकळलं तरी तळाला पांढरं धरतं, आणि लोक तेच पाणी बिनधास्त रेडिएटरमधे ओततात. मी पण सुरुवातीला तेच केलं होतं. त्यामुळं पहिला रेडिएटर बदलला ते चुकीचं नव्हतं, त्याला बदलायला हवंच होतं. नवीन अ‍ॅल्युमिनियमचा टाकला, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. आठ दिवस काटा हलला नाही. मी पेढे वाटायच्या बेतात होतो. नवव्या दिवशी औशाच्या पुढं परत काटा वर.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झाल्यावर रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व. काढून पातेल्यातल्या पाण्यात टाकला, थर्मामीटर धरला, ८२ ला उघडायला लागला, म्हणजे चांगला होता, तरी बदलला. मग वॉटर पंप. मग पंखा उलटा फिरतोय का बघितलं (वायर उलट जोडली तर इलेक्ट्रिक पंखा हवा ओढायच्या ऐवजी ढकलतो, ही चूक होते), तो सरळच होता. मग हवा अडकलीय म्हणून गाडी चढावर नाक वर करून उभी केली आणि अर्धा तास बुडबुडे काढले. हेड गॅस्केटवर संशय, पाण्याच्या टाकीत बुडबुडे येतायत का बघितलं, नाहीत. मग आणखी मोठा रेडिएटर. मधे मधे अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल जड व्हायला लागलं होतं, घाटात तर अडकल्यासारखं, म्हणून केबल बदलली, परत जड झाली, परत बदलली. ह्या केबलीकडं नीट बघितलं असतं तर सहा महिने वाचले असते, ते पुढं येतं.

आणि ह्या प्रत्येक दुरुस्तीनं गाडी आठ-दहा दिवस बरी व्हायची! हे सगळ्यात वाईट होतं. एखादी दुरुस्ती ताबडतोब फसली तर माणूस तो रस्ता सोडतो. पण प्रत्येक चुकीची दुरुस्ती बरोबर वाटायची आणि मग फसायची, त्यामुळं वाटायचं की दिशा तर बरोबर आहे, अजून थोडं काहीतरी राहिलंय.

जानेवारीत भादा गावाकडं मेव्हण्याच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. सगळे पोट भरून हुरडा खाऊन, शेकोटी करून, परत निघायला रात्रीचे नऊ वाजले. थंडी अशी की काचेवर वाफ धरायली होती. गाडी चालू करून पाच-सहा मिनिटं झाली असतील, शेताच्या रस्त्यावर चांदणं होतं म्हणून नुसत्या पार्किंगवर चाललो होतो, डांबरीला लागलो तसा हेडलाईटचा खटका ओढला. भाचा पुढं बसला होता, आयटीआयला आहे, तो म्हणाला, "मामा, लाईट लावली की काटा उडतोय बघा." मी म्हटलं उजेडामुळं वाटत असेल. त्यानं माझ्या हातावरून हात घालून खटका बंद केला, काटा खाली. चालू, काटा वर. बंद, खाली. एक अख्खी खूण.

मी गाडी बाजूला घेतली. बाहेर बारा-तेरा डिग्री, इंजिन अजून नीट गरम पण नाही, आणि काटा खटक्याबरोबर नाचतोय. आता रेडिएटरमधे साडेपाच-सहा लिटर पाणी, ते एका सेकंदात दहा डिग्री चढेल आणि एका सेकंदात उतरेल का? भांडंभर पाणी चुलीवर ठेवलं तरी वेळ लागतो. म्हणजे काटा पाण्याची गोष्ट सांगतच नव्हता. तो करंटची गोष्ट सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्टीमीटर घेऊन बसलो. काय काय मोजलं ते नीट सांगतो कारण हेच सगळ्यात कामाचं आहे. मीटर डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजला. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या खांबावर, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच. गाडी चालू. लाल पिन आधी इंजिनच्या ब्लॉकला टेकवली, ०.०४ व्होल्ट. उत्तम. मग लाल पिन बॉडीला, बॉनेटच्या बिजागरीजवळ जिथं पत्रा उघडा होता तिथं. पंखा बंद, लाईट बंद, ०.३४. पंखा वायर जोडून डायरेक्ट चालू केला, १.०५. हेडलाईट लावले, १.७१.

हा आकडा बघून मला घाम आला थंडीत. निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह, बॉडी आणि बॅटरीचा खांब ह्यांच्यात ०.१, फार तर ०.२ च्या वर फरक असता कामा नये. माझ्या गाडीची बॉडी पावणेदोन व्होल्ट वर तरंगत होती.

कारण असं. बॅटरीचा निगेटिव्ह मी जाड केबलनं सरळ गिअरबॉक्सला दिला होता, सेल्फला चांगला करंट मिळावा म्हणून. त्यामुळं सेल्फ कायम जोरात फिरायचा आणि म्हणून "अर्थ तर चांगलाय" असं सगळे म्हणायचे (अर्थ म्हणजे अर्थिंग, करंट परत बॅटरीला यायची वाट). पण सेल्फ बसलाय इंजिनला, त्याचा करंट बॉडीतून जातच नाही. बॉडीतून परत येतो तो पंख्याचा, लाईटचा आणि डिक्कीतल्या पेट्रोल पंपाचा. त्यांना बॅटरीपर्यंत यायचं तर बॉडीवरून इंजिनवर उडी मारावी लागते आणि त्यासाठी इंजिन आणि बॉडीच्या मधे एक अर्थची पट्टी असते, विणलेली. माझ्या गाडीत ती होती. नवी होती. पण मी इंजिनचे सगळे ब्रॅकेट हौसेनं पावडर कोटिंग करून आणले होते आणि बॉडीला आतून बाहेरून रंग मारला होता, आणि ती पट्टी ह्या ब्रॅकेटवर आणि त्या रंगावर घट्ट आवळली होती. पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकच, करंट त्यातून जात नाही. इंजिन तर रबराच्या माउंटिंगवर. दिसायला सगळं शोरूमसारखं, आणि इंजिन बॉडीपासून तुटलेलं. जुन्या काळच्या गाडीत हे खपून जायचं कारण तिथं पेट्रोल पंप इंजिनवरच, मेकॅनिकल, पंखा पट्ट्यावर, वीज लागायची ती लाईट आणि हॉर्नला. आपण त्याच पत्र्यावर पंधरा अँपिअरचं रोजचं ओझं टाकलं आणि रात्री चोवीसच्या आसपास.

मग तो करंट परत यायचा कुठून? ह्याचं उत्तर भाच्यानं हातानं शोधलं. लाईट-पंखा लावून दहा मिनिटं गाडी उभी चालू ठेवली आणि एकेक गोष्टीला हात लावत गेला. अ‍ॅक्सिलरेटरची केबल बल्कहेडच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या जवळ धरली आणि झटकन सोडली. गरम. क्लच केबल कोमट. इंजिनपासून फूटभर लांब, जिथं ना सायलेन्सर आहे ना गरम पाणी. अख्ख्या गाडीचा करंट ह्या दोन तारांतून परत यायला होता! म्हणून आतलं प्लास्टिकचं अस्तर मऊ होऊन पेडल जड व्हायचं. जुनी काढलेली केबल मी फेकली नव्हती, कापून बघितली, अस्तर एका बाजूला तारेला चिकटलेलं, तपकिरी झालेलं.

आणि मग ते आठ दिवसांचं कोडं पण सुटलं. रेडिएटर असो की वॉटर पंप, काम करायला अ‍ॅक्सिलरेटरची केबल काढावीच लागायची, आणि परत बसवताना तिचे दोन्ही नट आवळले की तिथला धातू घासून ताजा व्हायचा, मेन म्हणजे कनेक्शन सुधारायचं. आठ-दहा दिवसांत थरथरीनं आणि धुळीनं परत बिघडायचं. आम्ही श्रेय रेडिएटरला देत होतो.

काटा का वर जायचा ते पण सांगतो. माझं टेंपरेचर मीटर दोन कॉइलचं आहे. एक कॉइल सेन्सरमधून इंजिनला अर्थ होते, दुसरी डॅशमागं बॉडीला. दोन्हीच्या ओढाताणीत काटा उभा राहतो. बॉडी दीड-पावणेदोन व्होल्ट वर गेली की दुसऱ्या कॉइलची ओढ कमी होते आणि काटा गरमच्या बाजूला झुकतो. पाणी तेवढंच असतं. नंतर इन्फ्रारेड गन आणली, काटा लालच्या जवळ असताना थर्मोस्टॅटच्या घरट्यावर मारली तर ८९. इंजिन एक दिवस पण तापलं नव्हतं. आणि खरं इंजिन ९२ ला गेलं की पंखा चालू व्हायचा, पंख्यानं बॉडी वर उचलली जायची, काटा आणखी वर, म्हणून दर वेळेला असंच वाटायचं की पंखा लागला तरी तापतच चाललीय.

आणि बंद पडायचं कारण पेट्रोल पंप. पद्मिनीची टाकी मागं, एमपीएफआयसाठी टाकीत इलेक्ट्रिक पंप टाकला होता, त्याचा अर्थ डिक्कीतल्या पत्र्याला आणि पॉझिटिव्ह वायर जुन्याच लूममधून (वायरींच्या जुडग्यातून) आलेली, बारीक. अल्टरनेटरवर १३.६ व्होल्ट होते तेव्हा पंपाच्या दोन टोकांवर सगळं चालू असताना मोजले तर १०.६. तीन व्होल्ट वाटेत संपले, पावणेदोन अर्थमधे, उरलेले त्या बारीक वायरमधे. सपाटीवर एवढ्यात भागायचं कारण पेट्रोल कमी लागतं. घाटात दुसऱ्या गिअरला इंजिन पेट्रोल मागतंय, उन्हानं टाकी तापलेली, पंखा चालू, आणि पंप अर्धमेला. प्रेशर गेज इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवर, म्हणजे रेलवर लावून बघितलं, तीन बारच्या जवळ पाहिजे तो २ च्या आसपास. मग मिसिंग, झटके, बंद. वीस मिनिटांनी चालू का व्हायची, तर तोवर पंखा बंद, पेट्रोल जरा निवलेलं, आणि केबल पण थंड.

दुरुस्ती अडीच हजारात झाली. सगळ्यात आधी बॅटरी काढली, त्यात पण निगेटिव्ह पहिला. १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल आणली, तिला थिंबल (केबलच्या टोकाचं बोल्टात बसणारं कडं) क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून, हातोड्यानं ठोकून नाही, क्रिंपिंग मशीन वायरिंगवाल्याकडं असतं, तिथं जाऊन करून घ्या. एक केबल इंजिन ब्लॉक ते पुढची चॅनल. दुसरी गिअरबॉक्स ते बॉडी, बोगद्याजवळ. तिसरी बॅटरीचा निगेटिव्ह ते बॉडी, सरळ. तीन का, एक पुरत नाही का? पुरते. पण एखादी सैल झाली तर गाडी घाटात उभी राहू नये म्हणून तीन. जिथं थिंबल बसणार तिथं रुपयाएवढ्या गोलातला रंग पॉलिश पेपरनं पार चकचकीत पत्र्यापर्यंत काढला, खाली दातेरी वॉशर टाकला जो आवळताना पत्र्यात रुततो, घट्ट आवळला, आणि *नंतर* वरून व्हॅसलीन आणि त्यावर रंगाचा हात. रंग आधी नाही. माझी सगळी चूक ह्या एका क्रमाची होती.

पंपाला मागं नवीन ४ स्क्वेअर एमएमच्या दोन वायरी नेल्या, एक पॉझिटिव्ह फ्यूज आणि रिलेमधून, एक अर्थ जो सरळ पुढच्या अर्थच्या बोल्टला येतो, डिक्कीच्या पत्र्यावर भरवसा नाही. रिले साधा चार पिनचा, ३० ला बॅटरीकडून, ८७ पंपाला, ८५ आणि ८६ वर ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) जो पंपाचा सिग्नल आहे तो, म्हणजे जुनी बारीक वायर आता फक्त रिले उचलते, पंपाचं ओझं तिच्यावर नाही. टाकीजवळ काम करताना बॅटरी काढलेलीच ठेवा, गाडी उघड्यावर ठेवा, आणि जोड टाकीच्या बाहेर लांब करा. पेट्रोलच्या वासात सोल्डरिंग करणारे बघितलेत मी, कृपा करून करू नका.

परत मोजलं. पंखा, लाईट, पंप सगळं चालू, बॉडी आणि बॅटरीच्या खांबात ०.०५. पंपावर १३.२. काटा मधल्या खुणेवर, खटका ओढा नाहीतर सोडा, ढिम्म. चाचांनी स्वतः चार वेळा खटका ओढून बघितला आणि मग म्हणाले, "मियाँ, हम पानी बदलते रहे और ये तो बिजली की प्यासी थी." मग मला त्यांनी दुकानातून त्यांचा जुना बल्ब लावलेला टेस्टर दाखवला आणि सांगितलं की ह्याच्यावर अर्थ बरोबरच दाखवत होता. ते खरं आहे. टेस्टरचा बल्ब अर्धा अँपिअर पण घेत नाही, तो कुजक्या कनेक्शनवर पण पेटतो. मल्टीमीटर ओहमवर लावून मोजलं तरी फसतं, माझ्या गाडीत ते ०.०७ ओहम भरलं असतं, साध्या मीटरच्या वायरीच त्याहून जास्त दाखवतात. त्यामुळं अर्थ मोजायचा तर ओझं चालू असताना व्होल्टमधेच मोजायचा.

तुमच्या गाडीला असंच दुखणं असेल तर पार्ट घ्यायच्या आधी दहा मिनिटं द्या. काटा खटक्याबरोबर, हॉर्नबरोबर, पंख्याबरोबर उडतोय का बघा. उडत असेल तर रेडिएटरला हात लावू नका. काटा हळूहळू चढत असेल, पाणी कमी होत असेल, वरचा होज पाईप दगडासारखा कडक होत असेल, तर ते खरं तापणं आहे आणि तिथं रेडिएटर, कॅप, थर्मोस्टॅट, गॅस्केट ह्याच रस्त्यानं जा. इन्फ्रारेड गन हजार-बाराशेला येते, माझे फक्त रेडिएटरचे चौदा हजार गेले. आणि केबलींना हात लावून बघा, अ‍ॅक्सिलरेटर, क्लच, हँडब्रेक. जी गोष्ट गरम व्हायचं कारण नाही ती गरम लागली तर तिथून करंट चाललाय.

अँबॅसिडरमधे नवीन इंजिन टाकणाऱ्यांना आणि जुन्या जीपवाल्यांना पण हे लागू आहे. जीपला चेसिस वेगळी आणि बॉडी वेगळी, मधे परत रबराचे पॅकिंग, म्हणजे तिथं इंजिन ते चेसिस आणि चेसिस ते बॉडी अशा दोन उड्या आहेत, दोन्हीला केबल द्या. आणि गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी आणि ईसीयूचा कप्लर दोन्ही काढा, ईसीयू गेला तर जुना शोधत जिल्हाभर फिरावं लागतं.

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निघाली तेव्हा अण्णांनी पेपर माझ्यापुढं ठेवला होता, काही बोलले नव्हते. मे महिन्यात त्यांना पुढं बसवून अंबाजोगाई, केज करत मांजरसुंब्याचा तोच घाट चढलो, दुपारी अडीचला, मुद्दाम. पंखा चालू, काटा मधे. वर आल्यावर त्यांनी डॅशवर हात ठेवला आणि चहाला थांबायला सांगितलं.

आता पावसाळा संपल्यावर परत सगळं मोजलं. पुढच्या चॅनलवरच्या थिंबलला हिरवं धरलं होतं, तिथं व्हॅसलीन कमी पडलं होतं, आकडा ०.०५ वरून ०.१२ वर आला होता. खोलून घासलं, नवीन वॉशर टाकला, ह्यावेळेला ग्रीस भरपूर लावलं, परत ०.०५. तारीख आणि आकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवलाय, पुढच्या वर्षी त्याच्याखाली लिहीन.